पारा चढलाय, पण चुकीच्या ठिकाणी

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या ग्रामसभेत एक साधा विषय होता. गावतळ्याचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेचं म्हणणं होतं की गरोदर बायांच्या जेवणात आठवड्यातून दोनदा तळ्याची मासोळी द्यावी, संस्था ती बाजारभावापेक्षा कमी दरात पुरवेल. अंडं चालतं, मग मासोळी का नको? पाच मिनिटांत ठराव व्हायला हवा होता. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पोरानं मोबाइल उंच धरून व्हिडिओ लावला. पांढरा कोट घातलेला कुणीतरी हिंदीतून सांगत होता की माशात पारा असतो, पारा मेंदू खातो, गर्भवतीनं मासा शिवूही नये. सभा गप्प झाली. मग एक म्हातारे उठले, "आमच्या सात पिढ्या मासोऱ्या खाऊन जगल्या जी, आमाले काई झालं का?" झालं. पुढचा तासभर याच दोन वाक्यांची देवघेव चालली आणि ठराव "पुढच्या सभेत पाहू" म्हणून बारगळला.

त्यानंतर गावात जे झालं ते ठरावापेक्षा वाईट. ढिवर मोहल्ल्यातली बाई सकाळी टोपली घेऊन फिरते, तिची अर्धी मासोळी परत जाऊ लागली. शेजारच्या घरात सून सहा महिन्यांची आहे, सासूनं तिचं मासोळीचं कालवण बंद केलं आणि त्या जागी काहीच दिलं नाही. पहाटे रस्त्यावर धावणारी पोलीस भरतीची पोरं "प्रोटीन"साठी मासे खायची, ती आता डबाबंद पावडरीच्या चौकशा करताहेत. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला या भांडणाचा जरा जास्तच राग येतो. दोन्ही बाजूंनी जे सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं खोडायला फार त्रास पडतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पारा ही अफवा नाही. पण गावतळ्यातली वर्षाची, किलोभराची रोहू-कतला आठवड्यातून दोनतीनदा खाणाऱ्या बाईचं पाऱ्यापेक्षा मासोळी बंद केल्यानं जास्त नुकसान होतं. आणि ज्या धुराड्यांची नि राखेच्या तळ्यांची खरोखर धास्ती घ्यायला हवी, त्यांच्याकडे आमच्या सभेत कुणी बोटही दाखवलं नाही. बिचाऱ्या टोपलीवालीवर मात्र सगळ्यांचा पारा चढला.

आता व्हिडिओवाल्याच्या बाजूचं जे पक्कं आहे ते मान्य करू. जपानातल्या मिनामाता गावी चिस्सो नावाच्या रसायन कंपनीचा कारखाना होता. १९३२ पासून तो पारा वापरून ॲसिटाल्डिहाइड बनवत होता आणि सांडपाणी खाडीत सोडत होता. आधी गावातली मांजरं नाचल्यासारखी करत, पाण्यात पडून मेली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्यातून या अनोळखी आजाराची पहिली नोंद सरकारकडे गेली. हात थरथरणं, दिसेनासं होणं, बोलता न येणं. सगळ्यात भीषण गोष्ट पुढेच कळली. ज्या आयांना स्वतःला फारसं काही झालं नव्हतं, त्यांची बाळं मेंदू बिघडून जन्माला आली. मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं अंगात साचणारं घातक रूप, वार ओलांडून पोटातल्या बाळापर्यंत पोचतो आणि आईपेक्षा बाळाला जास्त बाधतो, हे जगाला तिथे उमगलं. तेव्हा "मला तर काही झालं नाही" असं आई म्हणाली तर त्यावर विसंबता येत नाही, आणि आजोबा म्हणाले तर त्याहून नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घालून तोच आजार पाहिला होता. तो निकाल दाबला गेला. सरकारनं कारखान्याकडे अधिकृतपणे बोट दाखवायला १९६८ उजाडलं. मधल्या काळात तिथले कोळी मासे धरत होते आणि खातही होते.

दुसरी मान्य करायची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. कोळशात पारा अल्प असतो, पण जाळायचा कोळसा डोंगराएवढा असला की अल्पाचंही बरंच होतं. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, तिरोड्याचं ३,३०० मेगावॅटचं, त्याशिवाय कोराडी, खापरखेडा, मौदा. धुरातला काही पारा जवळपास पडतो, काही महिनोन्‌महिने हवेत राहून जगभर फिरतो, काही राखेबरोबर राखेच्या तळ्यात जातो. तिथून तो बाहेर येणारच नाही याची हमी काय? जुलै २०२२ मधल्या पावसात कोराडीच्या राखबंधाऱ्याला भगदाड पडलं आणि राखेचा लोंढा शेतांतून, नाल्यांतून वाहिला, ते आपण पाहिलंच. आणि कोळशाच्या मुलखात पारा माणसांपर्यंत पोचतो हे देशात आधीच दिसलेलं आहे. सिंगरौलीला लागून असलेल्या सोनभद्र जिल्ह्यात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०१२ मध्ये पाणी, माती, मासे आणि लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात पारा निघाला. म्हणून "आपल्याकडे कुठला आलाय पारा" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही.

तिसरी बाब फार कुणाला ठाऊक नसते. नवं धरण झालं की बुडालेली झाडंझुडपं, गवत, माती कुजते. अशा प्राणवायू नसलेल्या गाळात राहणारे जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मोठी जलविद्युत धरणं बांधली, तेव्हा त्यांतल्या शिकारी माशांमधला पारा कित्येक पटींनी वाढला आणि खाली यायला वीसतीस वर्षं लागली. आपल्याकडे गोसीखुर्द आहे. पायाभरणी १९८८ ची, पण पाणी साठायला लागलं त्याच्या कितीतरी नंतर, गावं-शेतं बुडवून. वर नागपूरची घाण घेऊन नाग नदी कन्हानमार्गे त्याच पाण्यात येते. त्या जलाशयातल्या दहा किलोच्या म्हाताऱ्या माशाबद्दल कुणी शंका घेतली तर तिला मी खुळी म्हणणार नाही.

एवढं सगळं मान्य केल्यावर उरलं काय? उरला तो हिशोब. मिथाइल पाऱ्याची खोड अशी की तो चरबीत बसत नाही, मांसाच्या प्रथिनाला चिकटतो. म्हणून कातडं काढून, मिठाच्या पाण्यात धुऊन, उकळून, तळून तो जात नाही (आमच्याकडे एकीनं चिंचेच्या पाण्याचा उपाय सांगितला, त्यानं वास जातो, पारा नाही). तो माशाच्या अंगात साचत राहतो. शेवाळ खाणाऱ्या किड्यात थोडा, किडे खाणाऱ्या छोट्या माशात त्याहून जास्त, छोटे मासे गिळणाऱ्या मोठ्यात आणखी जास्त, आणि मोठा मासा दहा वर्षं जगला तर दहा वर्षांचा साठा. शार्क, स्वोर्डफिश, मोठा टूना यांच्या नावानं अमेरिकेतल्या गरोदर बायांना इशारे दिले जातात ते याच कारणानं. हे सगळे समुद्रातले शिकारी. आता आपली रोहू काय खाते? पाणवनस्पती, शेवाळ. कतला? पृष्ठभागावरचे सूक्ष्म जीव. मृगळ? तळाचा कुजका पालापाचोळा. म्हणजे शिडीच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचे मासे, तेही बहुधा वर्षभरात काढलेले. व्हिडिओतल्या माणसानं शिडीच्या टोकावरच्या माशाचं पाप पायथ्याच्या माशाच्या माथी मारलं.

आकडे घेऊनच बोलू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या यादीत किलोभर मांसात सरासरी पारा असा आहे: शार्कमध्ये सुमारे १ मिलिग्रॅम, डब्यातल्या पांढऱ्या टूनात ०.३५, कार्प वर्गातल्या माशांत ०.११, बहुतेक शेततळ्यातच वाढणाऱ्या तिलापियात ०.०१३, कोळंबीत ०.००९. आपल्याकडे माशांसाठीची सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम. आता मुद्दाम आपल्याविरुद्ध जाणारा आकडा घेऊ. आपल्या तळ्यातली वर्षाची रोहू तिकडच्या नदीत वर्षानुवर्षं वाढलेल्या कार्पइतकीच पाराळलेली आहे असं धरू, म्हणजे ०.११. आठवड्याला दोन वेळा मिळून ३०० ग्रॅम मांस खाल्लं तर पोटात गेले ३३ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीनं पोटातल्या बाळाचा विचार करूनच आठवड्याची मर्यादा वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला ८०. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मर्यादा त्याहून कडक, तिच्यानं ३५ येतात. कडकातल्या कडक फुटपट्टीतही आमच्या मच्छीमार संस्थेचा ठराव बसतो. सभेत हा गुणाकार करायला कुणालाही पाटी-पेन्सिल पुरली असती.

पण हाच गुणाकार भरतीच्या पोरांसाठी केला तर उत्तर वेगळं येतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यातली काही पोरं रोज अर्धा किलो मासे चापतात. काटे-डोकं सोडून निव्वळ मांस अर्धा किलो धरलं तर आठवड्याचं साडेतीन किलो झालं. ०.११ च्याच दरानं ३८५ मायक्रोग्रॅम, आणि पासष्ट किलोच्या पोराची मर्यादा १०४. जवळपास पावणेचारपट! प्रौढ पुरुषाला गर्भाइतका धोका नाही, दुपटीपर्यंत गेलं तरी मज्जासंस्थेला बाधा होत नाही असं त्याच समितीनं पुढे स्पष्ट केलं होतं, तरी पावणेचारपट म्हणजे पावणेचारपट. तळ्याच्या मासोळीत प्रत्यक्षात पारा बराच कमी असणार, तिलापियाइतका असला तर हीच पोरं निम्म्याच्याही खाली राहतील. पण रोज एकाच जागचं, एकाच जातीचं, पोटाला तडस लागेपर्यंत खाणं हे कुठल्याही अन्नाबाबत शहाणपणाचं नाही. पोरांनो, आठवड्यातून चार दिवस पावपाव किलो खा, उरलेल्या दिवशी अंडी, चणे, वरण. शरीरात गेलेला मिथाइल पारा साधारण दीडदोन महिन्यांत निम्मा बाहेर पडतो, तो हळूहळू झिरपणारा रांजण आहे. रांजण किती भरेल हे ओतणाऱ्याच्या हातात असतं. आणि अमेरिकेतल्या कसरतपटूचं पाहून डबाबंद टूना मागवणार असाल तर एवढंच सांगते, तुम्ही शिडीवरून दोन पायऱ्या वर चढताय आणि त्याचे पैसेही तुम्हीच मोजताय.

आता सासूबाईंकडे येते. सुनेचं कालवण बंद केलं म्हणजे धोका शून्य झाला, असा हा विचार आहे. न खाण्यालाही किंमत असते ही गोष्ट आपल्या डोक्यात शिरतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. आमच्या धानाच्या पट्ट्यात बाईचं ताट म्हणजे भात, त्यावर पातळ वरण किंवा नुसतं तिखट पाणी. त्यात मासोळीनं प्रथिन येतं, लोह येतं, भाजीपाल्यात मिळत नाही ते बी-१२ येतं, बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ स्निग्धं येतात, आणि काट्यासकट खाल्लेल्या बारीक मासोळीतून कॅल्शियम. पाऱ्यानं मेंदूचं नुकसान होतं म्हणून मेंदू घडवणारं अन्नच काढून घ्यायचं?

या प्रश्नावर जगात पुष्कळ काम झालं आहे आणि त्याची गंमत अशी की दोन बेटांनी दोन उत्तरं दिली. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर आयांच्या पाऱ्याचा मुलांच्या स्मरणशक्तीवर, भाषेवर परिणाम दिसला. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर बाया आठवड्यातून कित्येकदा मासे खातात, तिथे तसा ठळक परिणाम दिसला नाही. फरक कुठे? फेरोवाल्यांचा बहुतेक पारा येत होता पायलट व्हेलच्या मांसातून, म्हणजे शिडीच्या अगदी शेंड्यावरून. सेशेल्सवाल्यांचा येत होता नाना तऱ्हेच्या माशांतून, माशांच्या सगळ्या चांगल्या गुणांसकट. इंग्लंडमधल्या एव्हन भागातल्या हजारो आई-मुलांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. त्यात गरोदरपणी आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांची मुलं भाषिक बुद्धिमत्तेत मागे पडलेली दिसली. तिकडे अमेरिकेत २००१ च्या सरकारी इशाऱ्यानंतर गरोदर बायांनी मासे खाणंच कमी केलं होतं. पुढे सरकारला भाषा बदलावी लागली आणि आता तिथला सल्ला असा आहे की गरोदर बाईनं कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅमपर्यंत खावेतच. आमच्या सभेतला व्हिडिओ अमेरिकेचं नाव घेत होता, पण वीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकेचं.

गरिबाच्या स्वस्त प्रथिनावर विषाचा शिक्का बसणं आपल्या भागाला नवीन नाही. लाखोळीची डाळ आठवा. धान उभं असतानाच ओलीवर बी फेकायचं, नांगर नको, पाणी नको, खत नको. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघर तिचं वरण, पिठलं, वडे. १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली, कारण तिच्यातल्या विषानं पाय लुळे पडतात. हे खोटं होतं का? अजिबात नाही. मध्य प्रदेशातल्या रेवा भागात मजुरांना मजुरी म्हणून लाखोळीच मिळायची. ते दुष्काळात महिनोन्‌महिने दुसरं काहीच न खाता तिच्यावर जगले आणि जन्मभरासाठी पांगळे झाले. पण ज्याच्या ताटात भात होता, भाजी होती आणि वाटीभर लाखोळीचं वरण होतं, तो माणूस धडधाकट चालत होता. बंदीनं या दोघांत फरक केला नाही. मजुराला दुसरी डाळ दिली नाही आणि शेतकऱ्याच्या हातची डाळ मात्र घालवली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध कित्येक वर्षं उपोषणं केली, सरकारी उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे कमी विषाच्या वाणांपर्यंत गाडी आली. प्रश्न डाळीपेक्षा मजुरीचा होता, लाखोळीशिवाय दुसरं काही ताटात न पडू देणाऱ्या मालकाचा होता. मालकावर बंदी घालणं अवघड, डाळीवर घालणं सोपं. मासोळीच्या बाबतीत आपण तेच पुन्हा करायला निघालोय.

शिवाय मासे सोडले म्हणजे पारा सुटला, हेही खरं नाही. चीनच्या ग्वेजौ प्रांतात पाऱ्याच्या जुन्या खाणी आहेत. तिथल्या लोकांच्या शरीरातला मिथाइल पारा मुख्यतः भातातून येतो, कारण पाणी साचलेल्या धानाच्या बांधीतला चिखल म्हणजे मिथाइल पारा करणाऱ्या त्या जिवाणूंचं माहेरघरच. आपल्या धानात तसा पारा आहे असं मी म्हणत नाही, इथे पाऱ्याच्या खाणी नाहीत. पण "मासोळी सोडा, भात खा" हा उपाय म्हणजे विज्ञान नव्हे एवढं कळावं. इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात पाऱ्याचं औषध चोळलेलं लाल रंगाचं बियाणं पेरणी उलटून गेल्यावर खेड्यांत पोचलं. लोकांनी ते धुऊन, दळून भाकरी केल्या. साडेसहा हजार माणसं दवाखान्यात भरती झाली, साडेचारशेवर दगावली. आणि आपलं? २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी होती, कारण निघालं गोरं करणाऱ्या क्रीममधला पारा. ग्रामसभेत व्हिडिओ दाखवणाऱ्यांच्या घरांत अशा डब्या किती असतील याचा मला अंदाज आहे, पण त्यांच्याविरुद्ध कुणी सभा घेत नाही. ताकदीसाठी बाजारातून आणलेली पाऱ्याची भस्मं दुधातून घेणारे एक गृहस्थही त्या दिवशी तावातावानं मासोळीविरुद्ध बोलत होते.

सात पिढ्यांच्या युक्तिवादाचं काय? आजोबांबद्दल आदर ठेवून सांगते, तो कामाचा नाही. आपली मालगुजारी तळी दोनअडीचशे वर्षांपूर्वी कोहळी लोकांनी बांधली, तेव्हा चंद्रपूरला धुराडं नव्हतं. पहिला संच तिथे १९८३ मध्ये सुरू झाला. पिढ्यांच्या अनुभवात जी गोष्टच नव्हती तिच्याबद्दल तो अनुभव काय सांगणार? मात्र त्या सात पिढ्यांनी एक केलं, ते आजोबांनी सांगायला हवं होतं. त्यांनी एकच मासा कधी खाल्ला नाही. पावसाळ्यात चढणीची बारीक मासोळी, हिवाळ्यात झिंगे, उन्हाळ्यात तळं आटताना गाळातले शिंगी-मागूर, पाहुणा आला तर मरळ, आणि नसेल तेव्हा बाजारची सुकट. मरळ शिकारी आहे, म्हणून ती रोजची नाही, सणावाराचीच बरी. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला मरळ चांगली असं आपण मानतो, ते एखाद्या वेळेपुरतं ठीक. बाकी बहुतेक यादी शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरची. ती यादी आपणच आक्रसवली. तळ्यांत बेशरम नावाचं तण माजलं, पाणवनस्पती गेल्या, देशी मासोळी हटली आणि ठेक्याच्या दोनतीन जाती उरल्या. भंडारा-गोंदियाकडे काही ढिवर बायांचे गट बेशरम उपटून पाणवनस्पती लावताहेत, त्याचा पाऱ्याशीही संबंध आहे असं मला वाटतं. ताट जितकं नानाविध, तितकं कुठलंही एक विष पातळ.

गावतळं तपासूच नये असं मात्र माझं म्हणणं नाही. तळं उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात भरतं, आणि या आटण्या-भरण्यातही गाळातला मिथाइल पारा वाढू शकतो. राखेच्या तळ्याखालच्या नाल्यावरचं तळं आणि जंगलाच्या पाण्यावर भरणारं नवेगावकडचं तळं यांना एकाच मापानं मोजता येणार नाही. पण तपासायचं कुणी आणि भरपाई कुणी द्यायची? कॅनडाच्या ग्रासी नॅरोजची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. कागदाच्या एका गिरणीनं १९६२ ते १९७० या काळात नदीत नऊ-दहा टन पारा सोडला. सरकारनं काय केलं? १९७० मध्ये मासेमारी बंद केली. त्या नदीवर जगणाऱ्या ओजिब्वे आदिवासींचा धंदा एका रात्रीत गेला, रोजचं अन्न गेलं, आणि ज्यांना परवडेना ते तेच मासे खात राहिले. नदी स्वच्छ करायची मागणी त्यांनी त्यानंतर पन्नास वर्षं केली. "मासे खाऊ नका" हा सल्ला फुकटचा नसतो, त्याची किंमत टोपलीवाली भरते आणि गिरणीवाला सुटतो.

आपल्याकडे गिरणीवाल्याची सुटका कागदावरही होते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं कोळसा वीजकेंद्रांच्या धुरातल्या पाऱ्याला पहिल्यांदाच मर्यादा घातली, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. त्याच नियमांत गंधकाच्या धुरालाही आळा होता, आणि तो आवरण्यासाठी लावायची यंत्रणा पाराही बराच पकडते. मुदत होती दोन वर्षांची. मग मुदतवाढ, मग आणखी मुदतवाढ, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना गंधकाच्या त्या नियमातून मोकळं केलं गेलं. पाऱ्याच्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्ये मान्यता दिलेली आहे. ज्या गावच्या नावानं करार झाला, तिथे मांजरं मेल्यावर लोकांना कळलं. आपण कशाची वाट पाहतोय?

पुढच्या ग्रामसभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला तोच जुना, गरोदर बायांना आठवड्यातून दोनदा गावतळ्याची मासोळी, किलो-सव्वा किलोच्या आतली, मरळ वगळून. दुसरा असा की मत्स्यव्यवसाय विभागानं आणि प्रदूषण मंडळानं आमच्या तळ्याची, खालच्या नदीची आणि धरणाची मासोळी दरवर्षी तपासावी, जात, वजन आणि पारा असे तीन रकाने करून आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावावेत, आणि तपासणीचा खर्च वीजकेंद्रांकडून वसूल करावा. शेजारच्या सासूबाईंना मी हे सगळं ओट्यावर बसून सांगितलं, गुणाकारासकट. त्यांनी ऐकून घेतलं. तळ्याची मासोळी सुनेला सुरू करते म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, "आन् बाजारात तो गोसीखुर्दचा मोठ्ठा मासा येते, तो?" मी म्हटलं, फळ्यावर आकडा लागेपर्यंत तो सुनेला नको. त्या म्हणाल्या, "पन तो इकनाऱ्याची बाईबी पोटुशी हाये जी. ते का खाईल?"